वधस्थानावरचं शेवटचं बोलणं

नमस्कार, श्रोतेहो.

३० जानेवारी १६४९. लंडनमध्ये त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी पडली होती. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पहाटे उठला आणि कपडे चढवताना त्यानं एकावर एक दोन शर्ट मागून घेतले. कारणही सांगितलं: थंडीनं अंग थरथरलं, तर लोक म्हणतील राजा भ्याला. ते मला चालणार नाही. दुपारी त्याचा शिरच्छेद होणार होता.

इतिहासात राजांना, विचारवंतांना, बंडखोरांना देहदंड झाले, त्यांची वर्णनं वाचताना माझं लक्ष कुऱ्हाडीकडे किंवा दोराकडे फारसं जात नाही. ते क्षणात आटोपतं. मला शोध असतो त्याआधीच्या दोन-चार मिनिटांचा. त्या माणसाला बोलू दिलं का? कोणी ऐकलं? कोणी लिहून घेतलं? ज्याचा जीव घेण्याचं ठरलेलं आहे, त्याच्या तोंडून निघणाऱ्या चार वाक्यांसाठी सत्तेनं किती बंदोबस्त केला, हे पाहत गेलं की त्या सत्तेच्या पोटात काय होतं ते कळतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

चार्ल्सपासूनच सुरुवात करू. तो काही निष्पाप माणूस नव्हता. अकरा वर्षं त्यानं संसद बोलावलीच नाही, मग संसदेशी युद्ध मांडलं, हरला, कैदेत असताना पुन्हा युद्ध पेटवलं. सैन्याच्या जोरावर उरलेल्या संसदेनं त्याच्यावर खटला भरला. न्यायाधीश म्हणून १३५ जणांची नावं जाहीर झाली, त्यांतले निम्म्याच्या आसपास प्रत्यक्ष येऊन बसले. अध्यक्ष जॉन ब्रॅडशॉ यांच्या टोपीला आतून पोलादी पत्रा लावलेला होता, कोणी गोळी झाडली तर, म्हणून. राजानं आरोपाला उत्तर द्यायचंच नाकारलं. ‘कोणत्या अधिकारानं मला इथं आणलंत ते आधी सांगा,’ एवढा एकच प्रश्न तो रोज विचारत राहिला. २७ जानेवारीला शिक्षा वाचून दाखवली. त्यानंतर राजा बोलायला लागला, तर ब्रॅडशॉ म्हणाले, शिक्षा झाल्यावर तुमचं ऐकलं जाणार नाही. शिपाई त्याला ओढून नेत होते आणि तो म्हणत होता, ‘मला बोलू देत नाहीत. मग इतरांना कसला न्याय मिळणार, याचा विचार करा.’

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणणारा माणूस हुकूमशाही वृत्तीचा होता, हे खरं. पण प्रश्न चोख होता.

तीन दिवसांनी त्याला व्हाइटहॉलला आणलं. मेजवान्यांसाठी बांधलेल्या ज्या इमारतीसमोर वधमंच उभारला होता, तिच्या छतावर रुबेन्सची चित्रं होती. ती चार्ल्सनंच आपल्या वडिलांच्या गौरवासाठी काढून घेतली होती. त्या छताखालून चालत तो बाहेर आला. त्याआधी कित्येक तास त्याला ताटकळत ठेवलं होतं, कारण संसदेच्या ऐन वेळी लक्षात आलं की याचं डोकं उडताच कोणी याच्या मुलाला राजा म्हणून घोषित केलं तर काय? त्यावर बंदी घालणारा कायदा त्याच दिवशी घाईघाईनं मंजूर झाला. राजानं तोवर पावाचा तुकडा खाल्ला आणि थोडी लाल वाइन घेतली.

मंचाला काळं कापड लावलेलं. राजानं झटापट केली तर बांधता यावं म्हणून कड्या ठोकलेल्या. मारेकरी दोघं, दोघांच्या तोंडावर मुखवटे. ते कोण होते हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. भोवती सैनिकांच्या इतक्या रांगा होत्या की लोक पार लांब रेटले गेले. चार्ल्सनं ते पाहिलं आणि मंचावरच्या माणसांनाच म्हणाला, ‘माझं बोलणं इथं फार कोणाला ऐकू जाणार नाही, तेव्हा तुमच्याशीच बोलतो.’ हातात लहानशी चिठ्ठी होती, तीवर मुद्दे लिहिलेले.

तो म्हणाला, प्रजेचं स्वातंत्र्य मलाही हवंय, पण राज्यकारभारात वाटा मिळणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. राजा आणि प्रजा या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूच्या दारातही त्याचं मत तसूभर हललं नव्हतं. पण त्या भाषणात आणखी एक वाक्य आहे. आठ वर्षांपूर्वी, १६४१ साली, त्याचा विश्वासू मंत्री स्ट्रॅफर्ड याला देहदंड झाला होता. जमावाच्या आणि संसदेच्या दबावाखाली राजानं स्वतः त्या फर्मानाला संमती दिली होती. आता तो म्हणाला, ‘मी एक अन्यायी शिक्षा अमलात येऊ दिली, तिचं फळ म्हणून आज माझ्यावर अन्यायी शिक्षा आली आहे.’ नाव घेतलं नाही. ऐकणाऱ्यांना गरज नव्हती. बोलता बोलता कोणाचा तरी धक्का कुऱ्हाडीला लागला, तर भाषण थांबवून म्हणाला, ‘कुऱ्हाडीला लावू नका, धार जाईल, मला त्रास होईल.’ मग केस टोपीत खोचले, आडवा झाला, हात पसरून खूण केली. एका घावात झालं. गर्दीतून एक मोठा विव्हळ आवाज उठला, असं तिथं हजर असलेल्या एका तरुणानं लिहून ठेवलंय.

लोक ऐकण्याइतके जवळ येऊ नयेत ही व्यवस्था पक्की होती. पण मंचावर लघुलेखन करणारी माणसं उभी होती. भाषण शब्दशः उतरवून घेतलं गेलं, छापलं गेलं आणि हातोहात गेलं. रांगा लावलेल्या सैन्याला कागद अडवता आला नाही.

त्या दिवशी गर्दीत शाळेतला एक मुलगा होता, सॅम्युएल पेपीस. पुढे तो नौदलाच्या कचेरीत मोठा अधिकारी झाला आणि त्याची रोजनिशी जगप्रसिद्ध झाली. १६६० मध्ये चार्ल्सचा मुलगा गादीवर आला, आणि वडिलांच्या देहदंडाच्या फर्मानावर सह्या करणाऱ्या ५९ जणांपैकी जे हाती लागले त्यांची पाळी आली. त्यांतला संसदेच्या सैन्याचा सेनानी क्रॉमवेल आधीच मेला होता, तर त्याचं प्रेत उकरून फासावर लटकवलं, डोकं भाल्यावर लावलं. पेपीस हे सगळं पाहत होता. ऑक्टोबर १६६० मध्ये जनरल हॅरिसनला मारलं, त्या रात्री त्यानं लिहिलं की राजाचं डोकं उडताना मी पाहिलं होतं आणि त्याचा सूड म्हणून सांडलेलं पहिलं रक्तही पाहिलं.

पण त्याच्या रोजनिशीतली माझ्या मते सगळ्यात मोलाची नोंद १४ जून १६६२ ची आहे. सर हेन्री व्हेनचा वध. व्हेन संसदेच्या बाजूचा मोठा पुढारी, पण राजाच्या खटल्यापासून तो लांब राहिला होता. देहदंडाच्या फर्मानावर त्याची सही नव्हती. तरी नव्या राजानं आपल्या मंत्र्याला चिठ्ठी लिहिली की हा माणूस जिवंत ठेवायला फार धोकादायक आहे, रीतसर बाजूला करता आला तर करावा. त्याप्रमाणे रीतसर केलं.

टॉवर हिलवर व्हेन बोलायला उभा राहिला. हातात कागद होता. पेपीस लिहितो: शेरीफनं त्याला पुन्हा पुन्हा अडवलं, हातातला कागद हिसकायला गेले, त्यानं सोडला नाही, जे कोणी त्याचं बोलणं लिहून घेत होते त्यांच्या वह्या काढून घेतल्या, आणि मंचाच्या अगदी खाली कर्णे आणून वाजवले, म्हणजे ऐकूच जाऊ नये. चार्ल्सच्या वेळची लघुलेखनाची चूक या राजवटीनं बरोबर ध्यानात ठेवली होती. व्हेन मात्र त्यांच्याही पुढे होता. असं होणार हे ओळखून त्यानं भाषणाची प्रत आधीच मित्रांकडे देऊन ठेवली होती. ते छापून आलं. आणि पेपीस, जो राजाचा नोकर होता, त्यानं लिहिलं की अशा रीतीनं मेलेल्या माणसांत इतका निश्चयी माणूस झाला नाही. व्हेनच्या मानेवर एक फोड होता. मारेकऱ्याला त्यानं सांगितलं, तेवढा दुखवू नको. माणूस कितीही मोठा असो, शेवटच्या घटकेला देह असा समोर येतो, आणि पेपीसनं तो पाहिला, लिहिला, म्हणून मला त्या रोजनिशीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

कर्णे वाजवणं हा त्यातल्या त्यात सौम्य उपाय म्हणायचा. रोममध्ये १७ फेब्रुवारी १६०० रोजी जोर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं, तेव्हा त्याची जीभ बांधून त्याला नेलं होतं. विश्व अनंत आहे, आपल्या सूर्यासारखे असंख्य सूर्य आहेत, असं म्हणणारा हा संन्यासी; आठ वर्षं तुरुंगात ठेवूनही त्यानं आपले शब्द मागे घेतले नाहीत. शिक्षा ऐकल्यावर तो न्यायाधीशांना म्हणाला होता, ‘ही शिक्षा ऐकताना मला वाटतंय त्यापेक्षा ती सुनावताना तुम्हाला जास्त भीती वाटत असावी.’ ही गोष्ट लिहून ठेवली ती त्याच्या एका विरोधकानं.

आणि जीभ म्हटल्यावर आपल्याला तुळापूर आठवल्याशिवाय कसं राहील? १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला औरंगजेबानं त्यांचा वध करवला. त्याआधी डोळे काढले, जीभ छाटली, असं वर्णन येतं. मी तपशिलात जात नाही. तो प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. ज्याच्याकडे दख्खनभर पसरलेली लाखोंची फौज होती, त्या बादशहाला एका साखळदंडातल्या माणसाच्या वाचेची एवढी धास्ती वाटावी, हे मला थांबून पाहण्यासारखं वाटतं. मराठ्यांचं राज्य त्यानंतर मोडेल असा त्याचा हिशेब होता. पुढची अठरा वर्षं तो इथंच लढत राहिला आणि १७०७ साली अहमदनगरजवळ वारला.

आता फ्रान्सकडे जाऊ. २१ जानेवारी १७९३ च्या सकाळी सोळाव्या लुईला पॅरिसच्या चौकात आणलं. लुईनं चार्ल्सच्या खटल्याचा इतिहास वाचलेला होता, म्हणून त्यानं न्यायालय नाकारण्याची चूक केली नाही. वकील दिले, उत्तरं दिली. निकाल तोच लागला. गिलोटिनच्या मंचावर तो पुढे आला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘माझ्यावर लादलेल्या गुन्ह्यांबाबत मी निर्दोष आहे. ज्यांनी हे घडवलं त्यांना मी क्षमा करतो.’ पुढचं वाक्य सुरू झालं आणि लष्करी अधिकाऱ्याच्या इशाऱ्यावर नगारे वाजू लागले. बाकीचं बुडालं. ज्या क्रांतीनं प्रत्येक माणसाला विचार मांडण्याचा हक्क लेखी दिला होता, तिनंच हे करावं याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण ते तिथं थांबलं नाही. पुढच्याच वर्षी डांतोंवर खटला भरला. क्रांतीचा हा बुलंद वक्ता कोर्टात असा गरजू लागला की लोक त्याच्या बाजूला झुकू लागले. तेव्हा अधिवेशनाकडून, म्हणजे क्रांतीच्या संसदेकडून, तातडीनं फर्मान आणलं की न्यायाचा अवमान करणाऱ्या आरोपींना कोर्टातून बाहेर काढावं. डांतोंचं तोंड असं बंद झालं. ५ एप्रिल १७९४ ला मारेकऱ्याला तो म्हणाला, ‘माझं डोकं लोकांना दाखव. बघण्यासारखं आहे.’ त्यानंतर चार महिनेही झाले नाहीत तोच डांतोंला संपवणारा क्रांतीचा पुढारी रोबेस्पियर अधिवेशनात बोलायला उभा राहिला आणि लोकांनी आरडाओरड करून त्याला बोलू दिलं नाही. त्याचा आवाज अडखळला तेव्हा कोणीतरी ओरडलं, ‘डांतोंच्या रक्तानं तुझा घसा दाटलाय!’ दुसऱ्या दिवशी, २८ जुलैला, गोळीनं जबडा फुटलेल्या अवस्थेत त्याला गिलोटिनवर नेलं. बोलणं शक्यच नव्हतं. मारेकऱ्यानं जबड्याची पट्टी खेचली तेव्हा एक किंकाळी तेवढी निघाली.

१८६८ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून जाहीर फाशी बंद केली. यापुढे फाशी तुरुंगाच्या भिंतीआड. चौकातला तमाशा गेला हे चांगलंच झालं. लोक तिथं खात-पीत, हसत उभे राहत. पण त्याबरोबर शेवटचं बोलणंही भिंतीआड गेलं, आणि आपल्याकडच्या क्रांतिकारकांच्या वाट्याला आली ती ही नवी पद्धत.

पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फासावर गेले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, बाळकृष्ण हे भाऊ आणि साथीदार महादेव रानडे. दामोदर चापेकरांनी कैदेत असताना आपली कहाणी मराठीत लिहून काढली होती. ती सरकारी दप्तरात पडून राहिली आणि स्वातंत्र्यानंतर छापली गेली. म्हणजे लोकांपर्यंत पोहोचायला तिला अर्धं शतक ओलांडावं लागलं.

लंडनमध्ये मात्र तेवढा वेळ लागला नाही. १ जुलै १९०९ च्या संध्याकाळी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मदनलाल धिंग्रांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. मध्ये आलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही त्यात गेले; ते मरण कोणाच्याही हिशेबात नव्हतं आणि ते विसरूनही चालणार नाही. धिंग्रांच्या खिशात एक लेखी निवेदन होतं. पोलिसांनी ते घेतलं. २३ जुलैला खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी संपला. धिंग्रांनी वकील घेतला नाही. इंग्लंडच्या कोर्टाला मला शिक्षा करण्याचा अधिकार नाही, असं त्यांनी सांगितलं. चार्ल्सचाच प्रश्न, दोनशे साठ वर्षांनी, त्याच शहरात, एका परतंत्र देशातल्या विद्यार्थ्याच्या तोंडून. त्यांनी म्हटलं, माझं निवेदन वाचा. कोर्टात ते वाचलं गेलं नाही.

पण त्याची प्रत विनायक दामोदर सावरकरांकडे होती. त्यांनी ती डेव्हिड गार्नेट या तरुण इंग्रज मित्राकडे दिली, त्यानं ओळखीच्या पत्रकाराकडे पोहोचवली आणि लंडनच्या ‘डेली न्यूज’मध्ये ती छापून आली. ‘परक्यांच्या संगिनींनी दाबून ठेवलेलं राष्ट्र हे कायम युद्धाच्याच अवस्थेत असतं,’ असं त्यात म्हटलं होतं. व्हेननं केलं तेच हे: मरणाऱ्यानं आपले शब्द आधीच सुरक्षित हातात ठेवले. १७ ऑगस्टला पेंटनव्हिलच्या तुरुंगात फाशी झाली. अंत्यसंस्कारासाठी देह दिला नाही, तुरुंगातच पुरला. काही आठवड्यांनी विन्स्टन चर्चिल एका खाजगी गप्पांत म्हणाले की देशभक्तीच्या नावानं आजवर उच्चारलेल्या शब्दांत हे सगळ्यात उत्तम आहेत. ऐकणाऱ्यानं ते रोजनिशीत टिपलं, म्हणून आपल्याला कळलं. धिंग्रांच्या अस्थी मायदेशी यायला १९७६ साल उजाडलं. अकोल्यात त्यांच्या नावाचा चौक आहे. तिथल्या श्रोत्यांना तो रोजच्या वाटेवरचा असेल.

शेवटची गोष्ट लाहोरची. भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू. या तिघांचा खटला आटोपण्यासाठी व्हाइसरॉयनं १ मे १९३० ला खास वटहुकूम काढला. तीन न्यायाधीशांचं लवादी मंडळ, हायकोर्टात अपील नाही. १२ मेला भर कोर्टात पोलिसांनी आरोपींना मारहाण केली, त्यानंतर आरोपी कोर्टात आलेच नाहीत. मंडळातले एक न्यायाधीश आगा हैदर यांनी आरोपींना कोर्टातून काढण्याच्या हुकमाशी आपला संबंध नाही असं लेखी नोंदवलं. पुढच्याच महिन्यात मंडळाची फेररचना झाली आणि नव्या मंडळात त्यांचं नाव नव्हतं. त्या माणसाचं नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं, तितकं घेतलं जात नाही. ७ ऑक्टोबरला आरोपींच्या गैरहजेरीत निकाल लागला.

फाशीची वेळ ठरली होती २४ मार्च १९३१ ची सकाळ. फाशी सकाळीच देतात, असा तुरुंगाचा रिवाज. सरकारनं ती आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास उरकली. घोषणा मात्र बराकींतून ऐकू गेल्या, आणि कैद्यांनी त्या उचलल्या. देह रात्रीच बाहेर काढून सतलजच्या काठी जाळले. सकाळी लाहोरात पत्रकं लागली की अंत्यविधी रीतसर पार पडला आहे.

भिंत, रात्र, नदीकाठ, सगळं साधलं होतं. फक्त एक कागद आधीच निघून गेला होता. फाशीच्या तीन दिवस आधी तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. त्यात दयेचा शब्द नाही. तुमच्याच कोर्टानं आमच्यावर बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप सिद्ध धरला आहे, असं ते म्हणतात. तेव्हा आम्ही युद्धकैदी ठरतो, आणि युद्धकैद्याला फासावर लटकवत नाहीत, गोळी घालतात. म्हणून आपण लष्कराला हुकूम द्यावा आणि आम्हाला गोळ्या घालण्यासाठी सैनिकांची एक तुकडी पाठवावी. सरकारनं ते मानलं नाही. त्या पत्रातला युक्तिवाद एखाद्या निष्णात वकिलाचा आहे, आणि लिहिणाऱ्यांपैकी एकही जण पंचविशीचा नव्हता. पत्र आज सहज मिळतं, दोन-तीन पानांचं आहे. जमलं तर पूर्ण वाचा.

नमस्कार.